रुजुवातीत राहिलेली ओळ

तुमच्या सदरातले अनुभव मी आमच्या कचेरीत मोठ्याने वाचून दाखवायचो... हसण्यासाठी. पिंपळावरची बाई, उलटे पाय, रस्त्यात हात दाखवणारा म्हातारा, एकेकाची मी अशी काही खोड काढायचो की चहावाला कपबशा घेऊन तिथेच थांबायचा. माझं कामच कागदाचं. कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही. भुताखेतांवर माझा विश्वास आजही नाही. पण जे माझ्याच तोंडात घडलं त्याला काय म्हणायचं, ते मला ठरवता आलेलं नाही. ते सांगायचं तर आधी माझी एक लबाडी सांगावी लागेल. बारा वर्षं ती कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही.

सत्याहत्तर साली मी भंडाऱ्याला एका सरकारी कचेरीत नक्कलनवीस होतो. कोणती कचेरी ते लिहीत नाही. दोष माझा आहे, कचेरीचा नाही. जुन्या कागदांची एक लांब अंधारी खोली, छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या, त्यांवर गावोगावचे बस्ते, लाल कापडात बांधलेले. कोणाची शेती कुठली, गावाची वहिवाट काय, तलावाचं पाणी कोणाचं, सगळं त्यात. लोक एसटीने यायचे, अर्ज द्यायचे. आम्ही बस्ता सोडायचो, पान शोधायचो, हाताने नक्कल उतरवायचो. आणि नक्कल देण्याआधी रुजुवात... एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. शब्द चुकला की थांबायचं. मग दोघांच्या सह्या.

माझ्या जोडीला बोरकर बाबूजी. रिटायर व्हायला आलेले, जाड भिंगाचा चष्मा, पण कान तिखट. एक शब्द इकडचा तिकडे झाला की नुसतं "हूं" म्हणायचे.

माझं गाव सानगडीपासून पायी तासाभरावर. गावाबाहेर एक बोडी होती, म्हणजे लहानसा तलाव. तिची पार, मातीचा बांध, एक ढीवर, म्हणजे मासेमार, घर पिढ्यान्पिढ्या राखत आलं होतं. दर अक्षय तृतीयेला, ऐन दुपारी, त्या घरचं माणूस पारीवर एक टोपली माती टाकायचं आणि टाकताना एक वाक्य म्हणायचं. लहानपणी आम्ही तिथे धावायचो, कारण नंतर सुके शिंगाडे हातावर पडायचे. मी म्हणतो त्या वर्षी त्या घरात एकटी सोनाबाई उरली होती. नवरा गेलेला, मुलगी शेवंता एकोडीला दिलेली.

बोडीला लागून आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. माझ्या थोरल्या भावाला, आम्ही दादाजी म्हणतो, बोडी फोडून तिथे शेत करायचं होतं. सोनाबाई आडवी आली. बोडी आमच्या वहिवाटीची आहे, सायबाच्या वहीत लिहून आहे, असं तिचं म्हणणं. प्रकरण तहसिलीत गेलं. तिथे तिला सांगितलं, लिहिलेलं आहे ना, मग नक्कल आण.

म्हणून ती माझ्याकडे आली.

"गावचा मानूस बसला हाय म्हनून हिंमत केली जी, बाबूजी," ती म्हणाली. "नाही तं इथं मले कोन इचारते?"

मी तिचा अर्ज लिहिला, तिने अंगठा दिला. उन्हातून आली होती, माठातलं पाणी दिलं. तेव्हापर्यंत माझ्या मनात काहीच नव्हतं, हे खरं आहे.

चार दिवसांनी दादाजी आले. आमच्या वडिलांनंतर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही.

"बुढी येऊन गेली म्हनतेत."

"हो."

"सापडलं काय?"

मी गप्प बसलो.

"म्हंजे सापडलं," दादाजी हसले. "लहानपनी बी असाच गप राहे तू, आंबे चोरले का. हे पाहा, मी कागद फाड म्हनत नाही. सरकारचा कागद हाय, त्याले हात नोको लावू. पन उतरवता उतरवता एक ओळ राहिली, तं कोन पाहून राहिलं?"

खरोखर एकच ओळ होती. गावच्या वहिवाटीच्या पानावर, मधोमध: "सदर बोडीचे पारीवर जोपावेतो ढीवर माती घालीत जाईल, तोपावेतो पाणी, मासळी व शिंगाडा त्याचेकडे राहील, बोडी कोणी फोडू नये." सोनाबाईच्या घरचे अक्षय तृतीयेला म्हणायचे ते हेच, शब्द न शब्द.

मी नक्कल उतरवली. ती ओळ गाळून.

राहिली रुजुवात. आमच्या रिवाजाने बोरकर मूळ वाचणार आणि मी नकलेवर बोट ठेवणार. मी म्हटलं, "बाबूजी, तुमचे डोळे दुखून राहिले ना, आज मी वाचतो." ते बिचारे खूश झाले. मूळ कागद माझ्या हातात, नक्कल त्यांच्या हातात. मी वाचू लागलो.

खोलीची खिडकी व्हरांड्याकडे उघडायची. सोनाबाई बाहेर भिंतीला टेकून बसली होती. माझं वाचणं तिला ऐकू जात होतं. त्या ओळीपाशी आलो आणि माझी जीभ पलीकडे उडी मारून गेली. बोरकरांचं बोट न अडखळता पुढे सरकलं. मी सुटलो असं वाटलं, तोच ती गजांपाशी येऊन उभी राहिली.

"बाबूजी, एक राहिलं न."

"काय म्हणते ती?" बोरकर.

"काही नाही, घाई झाली तिला."

"पारीचं राहिलं जी. मातीचं."

"एवढंच लिहिलं आहे, बाई," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्यावर संशय घेतला असता तर बरं झालं असतं. तिने स्वतःवर घेतला. "असंन," ती म्हणाली. "सासरा म्हने थे मी आयकलं. वाचता कोनाले येते? माहीच चूक झाली असंन." नक्कल तिने घडी करून पदराच्या गाठीत बांधली आणि गेली.

ती हरली. चैत्रात दादाजींनी पार फोडली.

माझ्या त्या एका दिवसाच्या हुशारीने एक सवय लागून गेली. बोरकरांना माझं वाचणं आवडलं आणि तेव्हापासून मूळ कागद वाचणं माझ्याकडे आलं. पार फुटल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, अक्षय तृतीयेला, आम्ही भलत्याच गावच्या कागदाची रुजुवात करत होतो. पवनीकडचं गाव होतं. नुसती शेतनंबरांची यादी. बाहेर ऊन असं की व्हरांड्यात माणूस नाही, माठ सकाळीच रिकामा झालेला. मी वाचत होतो...

"हूं," बोरकर म्हणाले.

मी थांबलो.

"हे कुठलं वाचून राहिलास? नकलेत नाही."

"कोणतं?"

"आत्ता नाही का म्हटलंस? पारीवर जोपावेतो ढीवर माती घालीत जाईल..." त्यांनी सगळी ओळ म्हणून दाखवली. "अन् आवाज कायले बदलवला? म्हाताऱ्याची मस्करी करतोस काय, बाईसारखं बोलून?"

मी हातातल्या पानाकडे पाहिलं. नंबर, नंबर, नंबर. पार नाही, ढीवर नाही. आपण काही बोललो याची मला शुद्ध नव्हती. फक्त दाताखाली काहीतरी करकरत होतं.

उठलो आणि आमच्या गावचा बस्ता काढला. कापडाची गाठ सोडतानाच हाताला गार लागलं. आत, वहिवाटीच्या त्या पानावर, लिंबाएवढा काळ्या मातीचा गोळा. ओला. लाल कापडात पाणी झिरपलं होतं, आणि वास येत होता तो बोडीचा, शिंगाड्याच्या वेलाचा. त्या उन्हात वैनगंगेची वाळू तापून फुटाणे भाजावेत अशी झाली होती, आणि खोलीची चावी आम्हा दोघांशिवाय कोणाकडे नव्हती.

बोरकरांनी बोट लावलं. "गार हाय रे," ते हळूच म्हणाले. मग बोट धोतराला पुसलं, बस्ता बांधला आणि जागेवर जाऊन बसले. रिटायर होईपर्यंत त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही. पण त्या दिवसानंतर वाचायला मूळ कागद त्यांनी मला कधी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी गावाहून निरोप आला. फुटलेल्या पारीवर सोनाबाई मरून पडलेली सापडली. दुपारचं ऊन लागलं म्हणाले. शेजारी टोपली पालथी पडली होती.

ऊन, थकवा, मन खातं, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या वर्षी त्या दिवशी रजा घेतली. घरी बसलो, बारा वाजायच्या आधी दात आवळले आणि तोंडावरून दुपट्टा घट्ट बांधून घेतला. हिला सांगितलं, दाढ दुखते. बाराला जीभ आपोआप हलू लागली. मी दात उघडले नाहीत. मग घशातून गार काहीतरी वर आलं, गाल फुगले, श्वास कोंडला... मी मोरीकडे धावलो आणि दुपट्टा ओढून ओकलो. माती. ओंजळभर काळी, ओली माती, आणि त्यात शिंगाड्याच्या वेलाचा हिरवा धागा.

ही मागेच उभी होती. "काय खाल्लं तुमी?" एवढंच तिने विचारलं, आणि पाणी ओतत राहिली. मोरीतून तो वास तीन दिवस गेला नाही.

त्यानंतर मी अडवणं सोडलं. साकोलीला बदली झाली, पुन्हा भंडाऱ्याला आलो, पण दर अक्षय तृतीयेला रजा. बारा वाजता घरामागे एकटा उभा राहायचो आणि तोंडाला जे म्हणायचं ते म्हणू द्यायचो. आवाज माझा नसायचा. म्हणून झालं की दाताखाली रेती उरायची, बस्स. दहा वर्षं अशी काढली. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मला झाली नाही. होळी झाली की मला झोप लागेनाशी व्हायची.

शेवटी ठरवलं, ती ओळ असलेली खरी नक्कल काढायची आणि शेवंताला द्यायची. मला वाटलं, एवढं केलं की सुटलो. रीतसर अर्ज केला, नव्या क्लार्कला घेऊन बस्ता सोडला. पान तेच. वरच्या ओळी तशाच, खालच्या तशाच. मधोमध एका ओळीची जागा कोरी.

खरवडलेलं नव्हतं, शाई पुसलेली नव्हती. मातीचा डागही नव्हता. नवा क्लार्क म्हणाला, "लिहिणाऱ्यानं सोडली असन, साहेब." मी पान उजेडाकडे धरून पाहिलं. माझ्या नकलेत होतं तेवढंच आता मुळात होतं.

म्हणजे ती ओळ आता फक्त माझ्या तोंडात.

गेल्या वर्षी मी एकोडीला गेलो. शेवंता दुसऱ्याच्या बांधीत राबते. तिला म्हटलं, तुझ्या घरचं जुनं वाक्य मला येतं, लहानपणी ऐकलेलं, तुला शिकवतो. लबाडी पुन्हा, पाहा. ते कोणी गाळलं ते मी सांगितलं नाही. ती म्हणाली, "आईलेच येत होतं थे. मले नाही शिकता आलं जी." अक्षय तृतीयेला आम्ही दोघं गावाबाहेर गेलो. पार होती तिथे आता दादाजींच्या बांधीचा धुरा, शेताचा बांध आहे. शेवंताने टोपली पालथी केली. मी एकेक शब्द म्हणत गेलो, ती मागून म्हणत गेली. या खेपेला आवाज माझाच होता. ओळ पूर्ण झाली. मी डोळे मिटले.

"बाबूजी, एक राहिलं न."

सोनाबाईचा आवाज. मी ओळखणार नाही का? डोळे उघडले तर समोर शेवंताच, पदराने तोंड पुसत होती.

"काय म्हणालीस?"

"मी? काही नाही जी."

मी तिथेच मातीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. दादाजी, नक्कल, रुजुवात, खिडकी. ती रिकामी टोपली पोटाशी धरून उभी होती. ती शिव्या देईल, गाव गोळा करेल असं वाटलं.

"आई मरेपावतर तुमचं नाव चांगलंच घे," ती शेवटी म्हणाली. "म्हने, बाबूजीनं मले पानी पाजलं कचेरीत. पेला भरून." मग टोपली डोक्यावर घेतली. "आता हे लिहून द्या. मले नोको. सगळ्याले."

तहसिलीत मी माझ्या सहीने लिहून दिलं आहे. ते म्हणाले, मूळ दाखवा. मूळ कोरं आहे. दादाजी माझ्याशी बोलत नाहीत. ही बोलते, पण मोरीतली माती तिला आता पुन्हा आठवू लागली आहे. आणि सगळ्यांना म्हणून हे तुमच्या सदराकडे पाठवतो आहे.

हे कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही. उन्हाने डोकं फिरलं म्हणावं तर त्या मातीला बोरकरांनी बोट लावलं होतं, हिने ती पाण्याने वाहवली होती. कोरी जागा नव्या क्लार्कने पाहिली आहे.

रुजुवातीला दोघं लागतात; या वेळी ऐकणारे तुम्ही. मी माझ्याकडून सगळं वाचून दाखवलं, काही गाळलं नाही, असं मला वाटतं. पण हे शेवटचं पान लिहायला बसलो तेव्हापासून दाताखाली पुन्हा करकरतं आहे... आणि अक्षय तृतीयेला अजून बरेच दिवस आहेत.