खुनी सांगा, मग दोरा कापते

बातमी आली तेव्हा मी नसरापूरला शेअर रिक्षात बसलो होतो. रिक्षा भरायला आणखी एक माणूस हवा होता आणि तो मिळेपर्यंत ड्रायव्हर हलणार नव्हता. खिशात कमलमावशीनं मागवलेलं लाल दोऱ्याचं रीळ होतं. शेजारच्या शेवंताबाईंचा फोन आला. "भाऊ, कुठं हाय तुमी?... बाई गेल्या वो. सकाळी दार उघडंना म्हून म्या मागनं गेले, तर खुर्चीतच..." मग त्या म्हणाल्या, "मांडीवर मासिक व्हतं. सुई तशीच दोऱ्यात. आर्धंच शिवून झालंय." मी ड्रायव्हरला म्हणालो, "रिकाम्या जागेचं भाडं मी देतो, चल." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रिक्षा भोरच्या रस्त्याला लावली.

कमलमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, हिनं भोरच्या मुलींच्या शाळेत हयातभर शिवणकाम शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "वाचायला शांतता लागते." बाजारपेठेमागच्या दोन खोल्यांत ती राहायची. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र आणि आतल्या खोलीत भिंतभर रहस्यकथांची जुनी मासिकं. 'पिंगळा', 'काळी मांजर', 'तिसरा वार'... मुखपृष्ठावर सुरा, खाली किंचाळणारी बाई, आणि बाईच्या पदराला चित्रकारानं दिलेला असा रंग, की जो भोरच्या कुठल्याही कापड दुकानात मिळाला नसता. ही मासिकं लोक एसटीत वाचत आणि उतरताना सीटवर सोडून जात. मावशी ती घरी आणायची, कडा दाबून सरळ करायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या लेखकांना शोधत पुण्याला जायची.

हे लेखक कुणी मोठे लोक नव्हते. कुणी कारकून, कुणी कंपाउंडर, एक तर भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहायचा. त्यांच्या दारात भोरची एक बाई उभी राही, हातात आंबेमोहोराची पिशवी आणि काखोटीला मासिक. "सही हवी," ती म्हणे. एकानं घाबरून विचारलं होतं, "कशावर? नोटीस आहे का?" त्या माणसाकडे तोवर कुणी सही मागितलीच नव्हती. मग जो तो लगेच पहिलं पान उघडायचा आणि मावशी त्याचा हात धरून शेवटाकडे न्यायची. ज्या पानावर खुनी उघडा पडतो, तिथंच सही घ्यायची, हा तिचा नियम. "पहिल्या पानावर सह्या उद्घाटनाच्या वहीत करतात," ती मला म्हणाली होती. "इथं तुम्ही सापडलात, इथं सही करा."

सही झाली की घरी येऊन ती शेवटची पानं कडेनं लाल धावदोऱ्यानं शिवून टाकायची. मासिक वाचायला कुणालाही मिळे, फुकट. फक्त शिवलेल्या पानांपर्यंत वाचून परत यायचं आणि खुनी कोण ते तिला सांगायचं. बरोबर असेल तर खिळ्याला टांगलेली छोटी कात्री खाली यायची, दोरा कापला जायचा आणि शेवट आणि सही दोन्ही एकदम दिसायचं. चूक असेल तर मावशी एवढंच म्हणायची, "परत वाचा." त्यामुळे भोरमध्ये आजही अशी बरीच प्रतिष्ठित माणसं आहेत की ज्यांना कित्येक गोष्टींचा शेवट ठाऊक नाही. पुण्याहून एक संग्राहक आले होते, पांढरे हातमोजे घालून. त्यांनी पहिली पानं उलटून पाहिली आणि हळहळत म्हणाले, "बाई, सह्या असत्या तर याला काही किंमत होती." मावशीनं त्यांना एक अंक वाचायला दिला. ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. अंक मात्र पोस्टानं परत आला, सोबत एक ओळ: 'डॉक्टर?' मावशीनं उलट टपाली कार्ड पाठवलं, 'परत वाचा.'

तिच्या भिंतीत एकच सही कमी होती. 'चुन्याच्या भट्टीतलं बोट' ही तिची सगळ्यांत आवडती गोष्ट, लेखक 'कालभुजंग'. हा कालभुजंग कोण, हे 'पिंगळा'च्या संपादकालाही सांगता येईना; हस्तलिखित टपालानं यायचं म्हणे. मावशीनं तो स्वतः शोधला, आणि कसा, तर वांग्याच्या भरतावरून. कालभुजंगाच्या गोष्टीत खून पडायच्या आधी कुणीतरी भरीत खातंच. पुढे एका फार मोठ्या साहित्यिकांची कादंबरी तिच्या हाती आली. तिच्यात नायिकेचे वडील वारण्याआधी भरीत, पूर येण्याआधी भरीत, एका ताटातुटीआधी तर भरीत आणि भाकरी. मावशीनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "सापडला."

हे साहित्यिक म्हणजे प्राचार्य वामनराव. पुढे ते भोरच्या एका व्याख्यानमालेत आले तेव्हा मी मावशीबरोबर होतो. स्वागत, दीपप्रज्वलन, पुन्हा स्वागत, शाल, श्रीफळ, ज्यांनी शाल आणली त्यांचाही सत्कार... आणि मग 'सवंग वाचनाने समाजाचे केलेले नुकसान' या विषयावर दीर्घ भाषण. भाषण संपल्यावर मावशी रांगेत उभी राहिली आणि तिनं 'पिंगळा'चा अंक त्यांच्यापुढे धरला. प्राचार्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "बाई, हे आपलं नव्हे," ते म्हणाले.

"मग कुणाचं?"

"असेल कुणी पोटासाठी लिहिणारा."

"पोटासाठी तर दिसतंच आहे," मावशी म्हणाली. "दुसऱ्याच प्रकरणात भरीत चापतोय."

मागचे लोक हसले. प्राचार्य हसले नाहीत. घरी येताना मावशी रागावली असेल असं मला वाटलं होतं, पण ती खुशीत होती. "येईल," ती म्हणाली. "माणूस लाजतोय. खोटं बोलणारा इतका लाल होत नाही." तिनं त्या अंकाचीही शेवटची पानं शिवली आणि तो कपाटात वेगळा ठेवला. इतर कुणालाही तो कधी दिला नाही, मलासुद्धा नाही. "सही झाल्यावर," ती म्हणायची. मी थट्टा करायचो, "आणि नाही आला तर?" ती सुईत दोरा ओवत म्हणायची, "आपण आहोत की इथंच."

ते आले, पण वर्षं जाऊ देऊन आले. वेल्ह्याकडे त्यांच्या मुलानं धरणाच्या काठी बंगला बांधला होता आणि म्हातारपणी ते तिथं राहायला आले होते. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी मावशीच्या दारात गाडी थांबली. मी योगायोगानं तिथंच होतो. काठी टेकत वामनराव आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कमलताई, तो अंक आणा. सही करतो. आता कुणाला घाबरायचं राहिलं नाही."

मावशीनं अंक आणला. पेन मात्र दिलं नाही. "आधी खुनी सांगा."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. "...वकील," ते म्हणाले.

"चूक."

"मग दूधवाला."

"परत वाचा."

"अहो, मी लिहिलंय हे!"

"लिहिलं असेल," मावशी म्हणाली. "वाचलेलं दिसत नाही."

असे हसले ते, की ड्रायव्हर धावत आत आला. अंक बगलेत मारून ते गेले. त्यानंतर मी फोन केला की मावशी आधी त्यांचीच बातमी द्यायची. "अजून वाचतोय. काल फोन आला होता, मुनीमावर संशय आहे म्हणतो." तिला घाई दिसत नव्हती. माणसाला आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचायला लावलं, याचाच तिला आनंद जास्त होता, असं मला वाटतं... पण लाल दोरा मात्र तिनं मला आणायला सांगितला होता.

मावशीच्या शोकसभेला फ्लेक्स लागला. त्यावर मावशीचा फोटो लहान आणि शोक करणाऱ्यांचे मोठे होते. एका मंडळानं संग्रहासाठी काचेचं कपाट देऊ केलं, एका नेत्याच्या मातोश्रींच्या नावानं. अट एकच, दोरे कापायचे, म्हणजे सह्या काचेतून दिसतील. मी म्हणालो, कळवतो. शेवंताबाई मागे उभ्या होत्या. लोक गेल्यावर त्या म्हणाल्या, "कळवायचं काय त्यात? काचंच्या आतलं कोन वाचनार? भूत?"

आणि मागच्या आठवड्यात वामनराव आले. हातात 'पिंगळा', दोरा तसाच. उशीर झाला म्हणून ते रडतील अशी मला भीती होती. ते रडले नाहीत. मावशीच्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "आता खुनी सांगता येईल मला. पण बरोबर की चूक, ठरवणार कोण? तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. हा अंक तिनं मला दिलाच नव्हता."

"मग वाचा," ते म्हणाले आणि शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसले. मावशीच्या खुर्चीत नाही. "मी थांबतो."

मी वाचायला घेतलं. शेवंताबाईंनी चहा आणला, कप परत नेले. पेठेतली दुपारची वर्दळ ओसरली. भरीत आलं, भट्टी आली, बोट आलं. कादंबरी लिहिणाऱ्या वामनरावांपेक्षा हा भुकेला माणूस किती चांगला लिहायचा, हे त्यांच्यासमोर बसून वाचताना लपवणं कठीण गेलं. शिवलेल्या पानांशी आलो तेव्हा मी माझा खुनी सांगितला. त्यांनी त्यांचा सांगितला. दोन्ही नावं वेगळी होती. मी खिळ्यावरची कात्री काढली आणि दोरा कापला.

माझं चुकलं होतं, त्यांचं नाही.

वामनरावांनी पान मांडीवर घेतलं आणि सावकाश सही केली. प्राचार्य नाही, पदवी नाही, नुसतं 'वामन', आणि खाली 'म्हणजेच कालभुजंग'. "त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. जाताना दारात वळून ते म्हणाले, "शिवून टाका पुन्हा."

त्यांची गाडी गेल्यावर मी त्या सकाळपासून खिशात बाळगलेलं रीळ काढलं. आधी मावशीच्या मांडीवर अर्धा राहिलेला अंक पुरा केला, मग हा. टाके वाकडे आले आहेत. तिनं बघितले असते तर उसवायला लावले असते. मंडळाला नकार कळवला. रविवारी मी भोरला असतो, खोली उघडी असते, अंक वाचायला मिळतात. 'चुन्याच्या भट्टीतलं बोट' सगळ्यांत आधी शेवंताबाईंनी नेला. परवा त्या परत घेऊन आल्या, पदरानं धूळ पुसून माझ्यापुढे ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दूदवालाच हाय त्यो, भाऊ. व्हय का न्हाई?"

त्यांचा उत्साह बघून माझा हात खिळ्यापर्यंत गेलाही होता. मी कात्री तिथंच राहू दिली.

"परत वाचा," मी म्हणालो.