कडक इस्त्रीची जॅकेटं

नवं जॅकेट मागितलं की काका ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून अर्धंच बाहेर काढायचे, अंगठ्यानं कापड चोळायचे, एकदा नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि परत आत सरकवायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "नवं हाये न जी, मॅडम. मळून जाईन."

रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाचं, लांबून दिसावं म्हणून घालायचं चमकत्या पट्टीचं जॅकेट मळणार नाही तर काय होणार? पण हे समजावता समजावता माझा घसा कोरडा पडायचा आणि काका शांतपणे स्टोअरला कुलूप लावायचे.

रायपूरजवळ नव्या राजधानीचे रस्ते तेव्हा बनत होते. रुंद, सरळ आणि मोकळे, आणि मोकळे म्हणूनच त्यांच्यावरून गाड्या सुसाट सुटलेल्या. मी एका ठेकेदाराकडे सुरक्षा अधिकारी होते, पुण्याकडून आलेली, समता कॉलोनीत भाड्यानं राहणारी. काका आमच्या साइटचे स्टोअरकीपर. घर ब्राह्मणपाऱ्यात, आजोबा कधीतरी यवतमाळकडून येऊन इथलेच झालेले. मजूर त्यांना छत्तीसगढीत कका म्हणायचे. त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्यांचा फोन येईल आणि मला पुन्हा एकदा वाद घालावा लागेल.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याच्या कपाटातल्या चांगल्या वस्तू फक्त पाहुणे आल्यावर बाहेर निघतात. काकांचे पाहुणे म्हणजे तपासणीला येणारे साहेब. त्या दिवशी आमची सगळी साइट झेंडूच्या शेतासारखी नारंगी दिसायची. साहेबांची गाडी वळली रे वळली की काका एकेकाच्या अंगावरून जॅकेट उतरवून घ्यायचे, घडी घालायचे आणि पिशवीत भरायचे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच जुनी जॅकेटं.

ती जुनी जॅकेटंही काकांनीच निवडलेली. बंद कापडाची, जाड, आणि सगळी एकाच मापाची. "मोठ्ठं माप घेतलं का सगळ्यायले येते," हा त्यांचा हिशेब. येत होतं खरं. काटकुळ्या रेजांना, म्हणजे आमच्या मजूर बायकांना, ते गुडघ्यापर्यंत यायचं. मग त्या वरून पदर गुंडाळून कमरेला खोचायच्या आणि चमकणारी पट्टी पदराखाली गडप व्हायची. मी "पदर काढा, पदर काढा" म्हणून ओरडत फिरायची. काका लांबूनच मला दटावायचे, "बाईच्या पदराले हात नका लावू, मॅडम!" हात कोण लावत होतं?

शेवटी मी त्यांना सोबत घेऊन शंकर नगरच्या एका दुकानात गेले. जाळीची जॅकेटं मागितली. रायपूरच्या मे महिन्यात बंद कापड घालणं म्हणजे माणसाला वाफवून काढणंच की. काकांनी जाळीत बोटं घातली आणि पलीकडून ती दुकानदाराला हलवून दाखवली. "हे का जॅकेट हाये? मच्छरदानी हाये. काहून पैसे पाण्यात घालून राहिल्या?" तरी मी हट्टानं जाळीचीच घेतली, लहान, मध्यम, मोठी अशी. काकांनी ती स्टोअरच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. का, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

पण काकांना आळशी म्हणाल तर चूक होईल. आळशी असते तर बरं झालं असतं! दर शनिवारी ते सगळी जुनी जॅकेटं गोळा करायचे आणि आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, धोब्याकडे न्यायचे. धोबी ती सोड्यात भिजवायचा, ब्रशनं घासायचा, खळ घालायचा आणि वर कडक इस्त्री मारायचा. सोमवारी सकाळी साइटवर जॅकेटं वाटली जायची ती एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडासाठी आणल्यासारखी. मजूर खूश. विशेषतः फूलमती. वळणावर लाल झेंडा घेऊन उभी राहायची आणि येणाऱ्या गाड्या थांबवायची, हे तिचं काम. इस्त्रीचं जॅकेट घातलं की ती दिवसभर ताठ चालायची.

मी काकांना सांगितलं, त्या पट्टीत काचेचे अगदी बारीक कण असतात. गाडीचा उजेड ते परत फेकतात, म्हणून माणूस लांबून दिसतो. ब्रशनं ते निघतात, इस्त्रीनं पट्टी जळते. साध्या थंड पाण्यात हातानं धुवायचं, उलटं करून सावलीत वाळवायचं, बस.

काका म्हणाले, "माणसानं कामावर मळकं जाऊ नये, मॅडम. मळका माणूस कोणालेच दिसत नाही."

मी स्टोअरचं शटर खाली ओढून अंधार केला. एका खिळ्याला नवं जॅकेट टांगलं, दुसऱ्याला इस्त्रीचं, आणि टॉर्च काकांच्याच हातात दिला. नव्याची पट्टी लख्ख पेटली. इस्त्रीची पट्टी राखेसारखी मख्ख. काकांनी टॉर्च इकडून तिकडे फिरवला, हातावर आपटला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "सेल उतरले वाटते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही.

आणि मग व्हायचं ते झालंच. दिवेलागणीची वेळ होती. वळणावर फूलमती झेंडा घेऊन उभी. समोरून डंपर आला आणि थांबलाच नाही. तिनं ऐन वेळी खड्ड्याकडे उडी घेतली म्हणून वाचली. मनगट मोडलं, झेंड्याची काठी चाकाखाली गेली. पुढे जाऊन डंपर थांबला. ड्रायव्हर उतरून माझ्याकडे धावला. "मैडम, कसम से, दिखी ही नहीं." तिच्या अंगावरचं जॅकेट त्याच सोमवारी इस्त्री होऊन आलेलं होतं.

मागून काकांची स्कूटर आली. मी त्यांना फाडून खायला तयारच होते. पण ते माझ्याकडे न बघता फूलमतीपाशी गेले, तिचं मनगट हातात धरलं आणि तिथंच खाली बसले. तिथूनच मला म्हणाले, "मी डंपरच्या मागंच होतो. मले बी नाही दिसली. मले वाटलं, माह्या डोळ्यायचा दोष." मग मान खाली घालून म्हणाले, "मोतीबिंदू हाये, मॅडम. डॉक्टरनं मागंच सांगतलं. त्या दिवशी टॉर्चमंदी मले दोन्ही जॅकेटं सारखेच दिसले."

माझा राग जागच्या जागी अडकून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी वरच्या फळीवरचे गठ्ठे खाली ओढले, पिशव्या टराटरा फाडल्या आणि ज्याला जे माप बसेल ते वाटून टाकलं. धोबी बंद. नळाखाली स्वतः बसून थंड पाण्यात जॅकेटं धुवायला लागले, हलक्या हातानं, लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं. तुम्हाला वाटेल, चला, संपला त्रास. मलाही वाटलं होतं.

मनगट बरं होऊन फूलमती परत आली, त्या संध्याकाळपासून नवीनच खूळ सुरू झालं. काम सुरू होण्याआधी काका रस्त्याच्या पार लांबच्या टोकाला जायचे, स्कूटरचा दिवा वळणाकडे रोखायचे आणि डोळे बारीक करून बघत राहायचे. फूलमती दिसली की जोरात आरोळी ठोकायचे, "दिखगे!", म्हणजे दिसली. ती झेंडा वर करून उत्तर द्यायची, मगच काम सुरू. नाही दिसली तर पदर सरकव, पट्टी पूस, जॅकेट बदल. तोवर डांबर निवायचं आणि इंजिनीअर माझ्या नावानं शिमगा करायचा.

त्यात हा माणूस मोतीबिंदू घेऊन स्कूटर चालवत होता. साइटवरचा सगळ्यात मोठा धोका रोज संध्याकाळी मलाच सुरक्षितता शिकवायला निघायचा! मी स्कूटर चालवायची बंदी घातली. तर ते ती चालू ठेवून हातानं ढकलत न्यायला लागले.

मी समता कॉलोनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांचा नंबर लावला. आले नाहीत. पुन्हा लावला. तरी नाहीत. मग मी भांडलेच.

"रस्ता होऊ द्या," ते म्हणाले. "मले साफ दिसाले लागलं तं मंग पाहीन कोण? मले दिसली तं साऱ्या दुनियेले दिसन."

"अहो, ड्रायव्हरचे डोळे चांगले असतात काका!"

"त्याच्या गाडीची काच धुळीनं भरेल राहते, त्याले झोप आलेली. त्याचे डोळे माह्यासारखेच समजा, बाई."

बाई म्हणाले, मॅडम नाही. मी घरी जाऊन उशीवर दोन बुक्के मारले. फूलमतीसाठी हा माणूस आपले डोळे पिकू देत होता, आणि त्याला रागवायचं की त्याच्या पाया पडायचं ते मला कळत नव्हतं.

रस्ता झाला तेव्हा कुठं त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. मी ब्राह्मणपाऱ्यात भेटायला गेले, तर काळा चष्मा वर करून माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, तुमी तं पोट्टीच हाये की! मी तुमाले पन्नाशीच्या समजत होतो." मी म्हटलं, आता पुढच्या रस्त्यावर या. त्यांनी मान हलवली. "आता मले सगळंच दिसते. मी काय कामाचा?" महिनाभरात यवतमाळला राहणारा मुलगा त्यांना तिकडे घेऊन गेला.

नव्या रस्त्यावरचा स्टोअरकीपर मागितलं की जॅकेट देतो. सांगितलं तसं धुतो, वाद घालत नाही. पहिल्या संध्याकाळी काकांच्या जागी मीच गेले. लांबच्या टोकाला गाडी उभी केली, दिवे लावले. फूलमती लख्ख दिसत होती, खांद्यावरच्या पट्ट्या, कमरेची पट्टी, सगळं. मी काच खाली करून ओरडले, "दिखगे!"

झेंडा वर झाला नाही. मी पुन्हा ओरडले. मग चिडून गाडी तिच्यापाशी नेली आणि विचारलं, ऐकू येत नाही का?

"सुने हंव, मैडम," ती म्हणाली. तळहातानं खांद्यावरची पट्टी पुसली आणि जरा संकोचून पुढं म्हणाली, "पर तुंहर आँखी तो बने हे."

माझे डोळे चांगले होते, ही गोष्ट खरीच होती. मला दिसली म्हणजे साऱ्या दुनियेला दिसेल, असं नव्हतं. तेवढ्यात लांबून डंपरचा आवाज आला. तिनं मला हातानं बाजूला सारलं आणि झेंडा घेऊन ती वळणावर उभी राहिली.