जोडाशेजारचा नंबर

लासुर्ण्याला एसटीत शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्या वेल्डरचं नाव मी विचारलंच नाही. बसल्या बसल्या त्यांनी पुढच्या सीटच्या नळीवरचा जोड अंगठ्यानं चाचपला आणि तोंड वाकडं केलं. वेल्डिंगच्या उजेडानं नजर अधू झालेली, म्हणून पेपर मला वाचायला लावला. परदेशी कंपन्यांनी अणुभट्ट्या द्याव्यात म्हणून सरकारनं त्यांना अपघाताच्या जबाबदारीतून बरंच मोकळं केल्याची बातमी होती.

त्यांनी खिशातून झिजलेला पोलादी ठसा काढला. "अणुभट्टीच्या कामात हरेक जोडाशेजारी आमी आपापला नंबर ठोकायचो, मास्तर. जोड फुटला तर माणूस घावला पायजे."

"मग अजून कशाला जपलाय?"

"त्या भट्ट्या अजून चालू हायत. उद्या कुणी हुडकत आलं, तर मी घावाय नको?"