औंदा बाहेरचं

माझ्या आत्याच्या घरात एक नियम फार कडक आहे. घरी पिकतं ते बाजारातून आणायचं नाही. तूरडाळ घरची, तिखट घरचं, सोयाबीनचं बियाणंसुद्धा घरचंच. रिसोडच्या दुकानांकडे ती ढुंकूनही बघत नाही. आम्ही तिला यावरून खूप चिडवायचो. हाच नियम तिच्या जिवावर उठेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत डीएनएच्या इवल्याशा डब्या बनवते. डीएनएचा एक लांब धागा घ्यायचा, आखूड धाग्यांनी त्याला जागोजागी टाके घालून घडी करायची आणि आत औषध ठेवायचं. कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखली तरच डबी उघडते, चांगल्या पेशीपाशी बंद राहते. हे मी एकदा सुट्टीत अंगणात सांगितलं आणि आत्याने ते गावभर केलं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग तिच्याच छातीत कर्करोगाची गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हणून सांगितलं, आणि ही बया सरळ घरी परतली. बाबांचा फोन येताच मी धुमसतच गाडी पकडली.

ती ओट्यावर निवांत डाळ निवडत होती. म्हणाली, "घरची पोर औषध बनवून राह्यली, अन् मी बाहेरचं कायले घेऊ?"

मी भांडायच्या तयारीने आले होते, पण तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक पाहून तिच्या शेजारी ओट्यावर टेकले. औषध अजून उंदरांच्या पुढे गेलेलं नाही, माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील, हे परोपरीने सांगितलं. तिला वाटलं, मी उगीच लाजते आहे.

तेवढ्यात भिंतीशी ठेवलेली ओल्या गोणपाटाची गुंडाळी दिसली. पेरणीआधी ती त्यात सोयाबीनचे दाणे ठेवून उगवण बघते. दाणे नीट उगवले नाहीत, तर घरचं बियाणंही ती वावरात टाकत नाही.

"आत्या, माह्यं औषध अजून गोणपाटात हाय," मी म्हणाले. "उगवन पाह्यल्याशिवाय तू पेरशीन का?"

तिने गुंडाळीकडे पाहिलं. मग घरचं उगवलं नाही म्हणून वावर पडीक तर ठेवता येत नाही, असं काहीसं पुटपुटत अकोल्याला जायची पिशवी भरायला उठली.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा मी तिच्या उशाशी उभी होते. ती त्यांना जे बोलली, त्याने माझी छाती फुगली तेवढी आजवरच्या कुठल्याच शाबासकीने फुगली नव्हती.

"औंदा तुमचं घेतलं, डॉक्टरसाहेब," आत्या त्यांना म्हणाली. "आमच्या पोरीचं उगवलं की तुमाले बी देऊ."