कुणाला काही शंका?

सरांना भाषण करता येत नसे. निवडणूक लढवणाऱ्या माणसाबद्दल हे विचित्र वाटेल, पण खरं आहे. जरा वेळ बोलले की ते थांबत, चष्मा कपाळावर सरकवत आणि समोरच्या गर्दीला विचारत, "कुणाला काही शंका?" उमेदीची सगळी वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात गेलेली, तिथली ही खोड.

मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्याच विषयाची प्राध्यापिका आणि प्रचाराच्या दिवसांत त्यांच्या जीपमधली कायमची प्रवासी. पहिल्या निवडणुकीत लोकांना हा प्रकार फार आवडला. "आपल्याला इचारणारा पुढारी पयल्यांदाच बघितला," म्हणत त्यांनी सरांना निवडून दिलं. पुढे सर राज्यमंत्रीही झाले. क्रांती चौकात त्यांचा मोठा फलक लागला तेव्हा मला म्हणाले, "हा फोटोतला माणूस माझ्यापेक्षा हुशार दिसतो गं." फलक उतरेपर्यंत ते त्या रस्त्याने गेले नाहीत.

दुसऱ्या निवडणुकीत त्याच खोडीने घात केला. कन्नडला बाजाराच्या दिवशी सभा होती. सरांनी शंका विचारल्याबरोबर एक म्हातारबा उठले. "साहेब, बंद पडलेली सूतगिरणी कवा सुरू व्हणार?" शेजारचे कार्यकर्ते "लवकरच म्हणा, लवकरच" असं पुटपुटत होते. मी मागून सरांचा सदरा ओढला. सर म्हणाले, "पाच वर्षांत तरी नाय व्हायची, बाबा. मशिनी गंजल्यात. पोराला दुसरं काम बघायला सांगा." निकालाच्या दिवशी मी घळाघळा रडले आणि सर कार्यकर्त्यांसाठी भजी मागवत होते. "रडतेस काय? आपण खरं बोललो, त्यांनी खरं मत दिलं. खा गरम आहेत तोवर."

पडलेल्या सरांना शहरातल्या एका खासगी विद्यापीठाने कुलगुरू केलं आणि सरांनी मला तिथे बोलावून घेतलं. बिडकीनच्या कारखान्यांत शिफ्ट करून येणाऱ्या बाया-पोरांसाठी त्यांनी संध्याकाळचा बी.ए.चा वर्ग काढला. तो मी शिकवायचे. दिवसभर मशीनपुढे उभी राहिलेली ती माणसं डोळे ताणून फळ्याकडे बघत, आणि माझा त्या वर्गावर जीव जडला. काही वर्षांनी संस्थाचालकांनी फर्मावलं, वर्ग तोट्यात आहे, बंद करा. सरांनी कागद चाळले आणि चक्क मान डोलावली. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

वर्ग बंद होतोय हे सांगायला ते स्वतः वर्गात आले. तोटा कसा, का, सगळं नीट समजावलं आणि सवयीने विचारलंच, "कुणाला काही शंका?"

पंप जोडायच्या कामावरची मंगल उभी राहिली. "सर, बंद करायचं तुमी ठरवूनच आलात. मग आमाला इचारता कशाला?"

कन्नडच्या भर सभेतही न गडबडलेला माणूस पहिल्या बाकावर बसला आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिला. शेवटी म्हणाले, "व्हय, बाई. आधी विचारायला पाहिजे होतं. वर्ग बंद होणार नाही." दुसऱ्याच दिवशी त्यांनी संस्थाचालकांना सांगितलं, "वर्ग बंद करायचा असेल तर आधी मला काढा." आठवड्याचा एक तास स्वतः फुकट शिकवायची तयारीही दाखवली. सरांना काढायची हिंमत कुणी केली नाही. वर्ग राहिला, आणि निवृत्त व्हायच्या आधी सरांनी तो कायमचा मंजूरही करून घेतला. मला माझे सर परत मिळाले.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाला मोठा थाट होता. हार, शाली, खुद्द मंत्री हजर. फक्त सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. सरांना शोधायला मला पिटाळलं. सर संध्याकाळच्या वर्गात फळ्यापुढे उभे होते, कोपरापर्यंत खडूने माखलेले, आलेखातली मागणीची रेघ अर्ध्यावर.

"सर, मंत्री येऊन बसलेत," मी दारातून म्हटलं.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "बसू दे. त्यांची गाडी त्यांच्यासाठी थांबते. ह्यांची बिडकीनची बस नाय थांबत."

मी दार लोटून घेतलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.