हिरूचं स्वस्तिक

कडाव गावात लग्नघराच्या दारावर पहिलं कुंकू लागायचं ते हिरूच्या बोटाचं. मळणी आटोपून खळ्यात भाताची रास पडली, की तिच्याभोवती राखेचं रिंगण घालून वर स्वस्तिक काढायचं, तेही हिरूनंच. बायका म्हणायच्या, आमचं वाकडं होतं, हिरूचं कसं चालायला निघाल्यासारखं दिसतं.

ते तिला आईनं शिकवलं होतं, चौक गावच्या माहेरी. आधी उभी रेघ, मग आडवी, मग चारी टोकं उजवीकडं वळवायची. "सूर्यनारायण चालतो तशी वळव गं," आई सांगायची. "उगवतीकडनं दक्षिणेला, तिथनं मावळतीला. त्याचं पाऊल हाय ते. हात हलला तर चालंल, पन काढून होईस्तवर दम सोडू नको." हिरू श्वास रोखून काढायची. शेवटचं टोक वळलं की छातीतली हवा बाहेर पडायची आणि दर वेळी तिला वाटायचं, आत्ता आपण काहीतरी मोठं केलं.

तिच्या अंगणासमोर रामाजी तेल्याचं घर होतं. ही माणसं शनवार तेली. धर्मानं यहुदी, पण कोकणात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. शनिवारी घाणा बंद. दाराच्या उजव्या चौकटीला एक लहानशी नळी ठोकलेली, आत त्यांच्या प्रार्थनेचा कागद. तिला बोटं लावून ती बोटं ओठांना लावायची आणि मग उंबरा ओलांडायचा. घरात त्याचं नाव रहमीम, गावात रामाजी. दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर तो पार इटलीपर्यंत जाऊन आला होता. आला तो एका कानानं बहिरा होऊन, आणि बोलणंही त्याचं निम्म्यावर आलं होतं. त्याची बायको मिलका मात्र हिरूची जिवाभावाची. दोघी एकाच विहिरीवर, एकाच गप्पेत.

मिलकाची तीन मुलं पोटातच गेली. चौथा मुलगा त्रेपन्न साली झाला आणि जगला. आठव्या दिवशी त्याची सुंता ठरली, पेण-पनवेलहून पाहुणे यायचे होते. हिरूला रात्रभर आनंदानं झोप नव्हती. उजाडायच्या आत उठून तिनं कुंकू तुपात कालवलं, समोर गेली, आणि त्या नळीच्या खाली, चौकटीवर, आजवर काढलं नव्हतं इतकं देखणं स्वस्तिक काढलं.

ती आपल्या अंगणात परतली तोच रामाजी हातात तांब्या घेऊन बाहेर आला. त्यानं वळून चौकटीकडं पाहिलं. तांब्या हातातून सुटला आणि पायरीवर आपटत खाली गेला. मग त्यानं खांद्यावरचा पंचा काढला आणि ते पुसलं. एकदा, दोनदा, लाकूड घासल्यासारखं. पंचा लाल झाला, चौकटही लाल झाली.

हिरूनं ते आपल्या अंगणातून पाहिलं. लेकराच्या दारावरचं कुंकू, आणि ते बापानं पुसलं! ती घरात येऊन चुलीपाशी बसली. नवरा बुधाजी चिडला. "तुला कोनी सांगितलं व्हतं जायाला?" त्या दिवशी समोरच्या घरी ती गेली नाही.

तिसऱ्या प्रहरी पाहुणे पांगल्यावर रामाजी स्वतः आला. पडवीत खाली बसला.

"वैनी, चूक माजी हाय," तो म्हणाला. "तुमच्या हाताची नाय."

"मंग पुसलं कशापायी, भाऊ?"

"लढाई थांबल्यावर आमी एका गावात व्हतो, समिंदराकाठी. तिथं एक छावनी व्हती. लढाईतनं वाचलेल्या लोकांची, आमच्याच धर्माच्या. एक मानूस बसला व्हता, नुसती हाडं. त्याची बोली मला येईना, माजी त्याला. मंग मी शमा म्हटली, आमची प्रार्थना. त्यानं माजा हात धरला तो सोडंच ना. मी असा काळा, अंगात खाकी, नि तोंडात त्याच्या बापाची प्रार्थना!"

हिरूनं पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"त्यानं काटकीनं वाळूत हे काढलं. तुमी सकाळी काढलंत ते. बाजूला सहा रेघा मारल्या. पयल्या रेघेवर बोट ठेवून बायकोचं नाव घेतलं. मंग पोरांची. धाकटीचं नाव घेताना हसला जरासा. मंग एकेक रेघ तळव्यानं पुसली. सहाच्या सहा. ती खूण तेवढी ठेवली."

"कोनी मारली?"

"ज्यांच्या झेंड्यावर हे व्हतं त्यांनी. दंडावर पन बांधायचे. लाखांनी मारली, वैनी. कोंडून मारली. म्हातारी, पाळन्यातली, कुनाला नाय सोडलं."

"पन ते तर आमचं..." हिरू म्हणाली. "ते सूर्याचं पाऊल हाय, भाऊ."

"मला ठावं हाय. मी याच गावात वाढलो ना? मनाला समदं कळतं. डोळ्याला कळत नाय."

एवढं बोलून तो उठला आणि गेला.

त्या वर्षी खळ्यात रास पडली तेव्हा हिरूनं राख हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. तिला राशीवर वाळू दिसत होती, आणि वाळूत सहा रेघा. तिनं राख टाकून दिली. बोटं दुखतात, असं तिनं सांगितलं. लोकांनी दोन हंगाम विचारलं, मग गावातल्याच मोतीबाईच्या हातून काढून घेऊ लागले. मिलकानंही एकदा विहिरीवर म्हटलं, "काढ गं तू. आमच्या त्यांचं काय मनावर घेतेस!" हिरू नुसती घागर विसळत राहिली. रामाजीचं मन राखायला तिनं सोडलं, असं मिलकाला वाटत होतं. पण तसं नव्हतं. एवढ्याशा खुणेत एवढं मरण मावतं, हे कळल्यापासून तिला आपल्याच बोटाची धास्ती वाटायची.

चौसष्ट साली तेल्याचं घर बोटीनं इस्रायलला निघून गेलं. घाण्याच्या जागी गवत वाढलं.

पाच वर्षांनी पुण्याच्या कॉलेजातल्या एक बाई डोंगरातल्या लेण्यातले लेख उतरवायला आल्या. वाट दाखवायला आणि पाणी वाहायला त्यांना माणूस हवं होतं. हिरू लग्न होऊन आल्यापासून त्या रानात करवंदांना जायची, ती गेली. लेण्यात तिनं गवत काढलं, वटवाघळांची घाण धुतली. बाईंनी भिंतीवर ओला कागद बसवला, ब्रशानं ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत घातला आणि वरून काळी शाई फिरवली. वाळल्यावर अलगद सोलून त्यांनी तो उजेडात धरला. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली होती. आणि ओळीच्या शेवटी, एकटंच, स्वस्तिक.

हिरू खालीच बसली.

"बाय, हे कदीचं?"

"दोन हजार वर्षांपूर्वीचं."

"काय लिवलंय?"

बाईंनी बोट फिरवत वाचलं. एका सुताराच्या बायकोनं पाण्याचं टाकं दान दिलंय. सगळ्या जिवांच्या सुखासाठी.

हिरू उठून भिंतीशी गेली. खाचेत बोट घातलं आणि फिरवलं. उभी, आडवी, मग टोकं. चौथ्या टोकाला छिन्नी घसरलेली होती, रेघ थोडी आखूड पडली होती. इथं कुणीतरी उभं होतं. कुणाचा तरी हात शेवटी दमला होता. राजे गेले, बोली बदलली, लेण्यातले भिक्षू गेले, नि ती आखूड रेघ तिथंच होती.

"याच्याही आधीचं सापडतं," बाई सांगत होत्या. "सिंधूकाठच्या मातीच्या शिक्क्यांवर आहे. समुद्रापलीकडच्या मडक्यांवर आहे. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी काढलंय. कुणी म्हणतं सूर्य, कुणी म्हणतं अग्नी. खात्रीनं कुणालाच माहीत नाही."

"आनि ते झेंडेवाले?"

बाई चमकल्या. कडावच्या शेतकरणीच्या तोंडून हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. हिरूनं मग वाळूतल्या सहा रेघा सांगितल्या. आजवर तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. बाई शाईचे हात तसेच धरून ऐकत राहिल्या.

"त्यांनी ते जेमतेम पंचवीस वर्षं वापरलं," बाई हळूच म्हणाल्या. "इथं दोन हजार आहेत."

हिरूनं मान हलवली. "ज्याची सहा मानसं गेली त्याला दोन हजार वर्सं सांगून काय उपेग, बाय?"

दोघी लेण्याच्या तोंडाशी बसून राहिल्या. खाली भाताची खाचरं पिवळी पडली होती, आणि ऊन सरकत सरकत लेण्यात शिरून भिंतीपर्यंत पोचलं होतं.

त्या वर्षी लेण्यातली ती आखूड रेघ आठवत हिरूनं पुन्हा राख हातात घेतली. बुधाजीनं बाजूला सरकून जागा करून दिली. लग्नघरंही परत तिला बोलावू लागली. पण आता नवी पोर शिकायला आली, की हिरू आधी तिला समोर बसवायची आणि दोन्ही गोष्टी सांगायची. आईनं सांगितलेलं पाऊल, आणि रामाजीनं सांगितलेली वाळू. मगच कुंकवाची वाटी पुढं करायची. काही आया कुरकुरल्या, शुभाच्या वेळी हे कशाला? "ठावं असू दे," एवढंच ती म्हणायची.

ब्याऐंशी साली रथसप्तमीला शाळेच्या मास्तरांनी तिला बोलावलं. तोवर ती साठीकडं झुकली होती. तिनं फळ्यावर खडूनं काढलं, श्वास रोखून, आणि सगळं सांगितलं. पुढच्या बाकावरच्या मंगळीनं विचारलं, "आजी, मंग ते चांगलं का वाईट?"

हिरू फळ्याकडं बघत राहिली. "माज्यापरीस लई मोठं हाय, बाळा," ती म्हणाली. "मला आख्खं दिसत नाय."

मग मुलं सणाचं, सूर्यासमोर तापत ठेवलेलं दूध उतू जाताना बघायला अंगणात धावली, आणि मंगळी तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवू लागली.