आधी पाण्याला विचार

दिगंबरचे कार्ड दुपारच्या टपालाने आले, तेव्हा मी अकोल्याच्या आमच्या माती तपासणीच्या खोलीत काचेच्या नळ्या धूत होतो. दिगंबर माझा शाळासोबती. पुसदला त्याचे कापडाचे दुकान आहे आणि पत्र लिहायचा त्याला मनस्वी कंटाळा. त्यामुळे त्याचे अक्षर पाहूनच काहीतरी वाईट घडले असणार हे कळले. आपले मुळावकर सर शनिवारी गेले, सकाळी शाळेत तास घेतला, घरी येऊन जेवले आणि जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत, त्रास काही झाला नाही... एवढाच मजकूर. मी कार्ड खिशात ठेवले आणि उरलेल्या नळ्या धुऊन पालथ्या घातल्या. सरांनी मला तेच करायला लावले असते. नळी अर्धवट धुऊन कोणी उठले की त्यांचा पारा चढे, मग कारण काहीही असो.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. सर नाहीत हे अजून पटत नाही, पण त्यांची आठवण आली की डोळे भरून येण्याच्या आधी हसू येते. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमचा तांडा पुसदहून आर्णीकडे जाताना लागतो. माझ्या पणज्याच्या काळी आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखोमुलखी फिरत. आजोबांनी शेती धरली आणि माझा बाप, सोमला, त्याच जमिनीत ज्वारी आणि कापूस घेऊ लागला. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलत असू. बा बाजारात वऱ्हाडी बोले आणि हळूहळू ती त्याच्या घरच्या बोलण्यातही मिसळली होती. त्याने मला पुसदच्या शाळेत घातले ते एका अटीवर. मॅट्रिक झालो की परत यायचे आणि शेताला लागायचे. मी हो म्हणालो होतो. पण नववीत मुळावकर सर रसायनशास्त्र शिकवायला लागले, आणि अमरावतीच्या कॉलेजात जाऊन हाच विषय पुढे शिकावा असे माझ्या मनाने घेतले. हे मी बाला सांगितले नव्हते. सरांनाही नाही.

सर उंच, हडकुळे होते. अंगात बारमाही एकच करडा कोट. त्यावर आम्लाचे थेंब पडून इतकी बारीक भोके झाली होती की दिगंबर त्याला चाळणी म्हणे. सरांना मुलांची नावे लक्षात राहत नसत, म्हणून ते गावाच्या नावाने हाक मारीत. "उमरखेड, फळा पूस. आर्णी, दार लाव." पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाव विचारले. मी सांगितले की आमच्या तांड्याला निराळे नाव नाही, नाईकाच्या नावानेच ओळखतात. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, मग तुझेच नाव सांग. सबंध वर्गात नावाने हाक मारला जाणारा मी एकटा उत्तम झालो. सरांना त्याचे काही विशेष वाटले नसेल. मला मात्र फार वाटले.

आमचा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. पेपर आता निराळे येणार, जुन्या प्रश्नांचा उपयोग नाही, असे जो तो सांगे. कसे येणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुले घाबरली, पालक शाळेत येऊन विचारू लागले. सर म्हणाले, "येतील तसे येतील. आपले प्रश्न आपणच काढू." शाळेच्या मागच्या खोलीत एक अर्धे रिकामे कपाट होते, तीच आमची प्रयोगशाळा. सर बाजाराच्या दिवशी सायकलवरून जात आणि किराणा दुकानातून मोरचूद, तुरटी, नवसागर, हिराकस, धुण्याचा सोडा घेऊन येत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की टेबलावर कागदाच्या पुड्या ओळीने मांडलेल्या असत. ही आमची सराव परीक्षा. पुडी उचलायची, आत काय आहे ते ओळखायचे आणि कसे ओळखले ते लिहायचे.

एका शनिवारी सगळ्यांना एकच पांढरी पूड आली. आम्ही जोमाने कामाला लागलो. कोणी सोडा लिहिला, कोणी तुरटी. मीही सोडाच लिहिला. दिगंबरने नवसागर लिहिला आणि खाली टिपले की चुन्याबरोबर तापवल्यावर उग्र वास आला. सरांनी त्याला उभे केले.

"वास आला तुला?"

"आला सर."

"कसा आला?"

दिगंबर थोडा घुटमळला. "पुस्तकात दिलाय तसाच आला सर."

सरांनी पुडी उचलून त्याच्या हातात दिली. "घरी ने. आईला म्हण, भाकर कर याची."

ज्वारीचे पीठ होते ते. वर्ग किती वेळ हसत होता... हसणे ओसरल्यावर सर म्हणाले की तापवल्यावर खरा वास भाजक्या भाकरीचा येत होता, सबंध खोलीभर येत होता, आणि तो एकानेही लिहिला नाही. आमच्यापैकी कोणीतरी कुरकुर केली की पीठ अभ्यासक्रमात नाही, आम्ही ते ओळखायचे कसे. तेव्हा सरांनी सांगितले की 'सांगता येत नाही' हेही उत्तर आहे. मात्र त्याच्या आधी काय काय करून पाहिले आणि काय दिसले ते लिहिलेले पाहिजे. असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण, न दिसलेले लिहिणाऱ्याला शून्य. त्या दिवशी सगळ्या वर्गाला शून्य मिळाले, आणि सर खुशीत सुपारी कातरत घरी गेले.

तेव्हापासून आणखी एक नियम लागला. कोणतीही परीक्षा पुडीतल्या पदार्थावर करण्याआधी ती नुसत्या पाण्यावर करायची आणि पाण्याचे काय झाले ते पहिल्या ओळीत लिहायचे. "आधी पाण्याला विचार," असे ते म्हणत. पाणी कधीच काही सांगत नसे. पुढची दोन वर्षे आमच्या प्रत्येक उत्तराची पहिली ओळ 'काही बदल नाही' अशीच असायची. आम्हाला याचा अगदी वीट आला. उमरखेडचा मुलगा तर म्हणायचा, "सर पाण्याले काहून तरास देऊन राह्यले?" सरांनी ते ऐकले आणि म्हणाले, "पाण्याला होऊ दे त्रास. त्याला मॅट्रिक द्यायची नाही."

मॅट्रिकची प्रात्यक्षिक परीक्षा यवतमाळला एका दुसऱ्या शाळेत होती. परीक्षक बाहेरगावचे होते. काळी टोपी, जाड चष्मा, बोलणे मोजके. मला पांढरा क्षार मिळाला. सवयीने मी एका नळीत नुसते पाणी घेतले, आम्लाचा थेंब टाकला, वर सिल्व्हर नायट्रेट टाकले... आणि पाणी दुधासारखे पांढरे झाले. नळी धुऊन मी पुन्हा केले. पुन्हा पांढरे. नळीत असा पांढरेपणा आला की क्षारात क्लोराइड आहे असे धरायचे, हे आम्हाला पाठ होते. पण माझ्या नळीत अजून क्षार पडलाच नव्हता. आजूबाजूला सगळ्यांच्या नळ्या पांढऱ्या होत होत्या आणि लेखण्या भराभर चालल्या होत्या. शेजारच्या टेबलावरून दिगंबर कुजबुजला, "क्लोराइड हाय बे. लिहून टाक." घड्याळ पुढे सरकत होते. हा विषय गेला तर कॉलेजचे नावच काढायला नको, गावी बैल वाट पाहतच होते. मी नळी पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली. शेवटी जे दिसले तेच लिहिले. साधे पाणीच पांढरे होते, म्हणून क्षारात क्लोराइड आहे की नाही हे सांगता येत नाही.

परीक्षक मागे येऊन उभे होते ते मला कळलेच नाही. त्यांनी हे काय लिहिले म्हणून विचारले. मी सांगितले. त्यांनी माझ्या हातातली नळी घेतली, स्वतः करून पाहिले आणि शिपायाला हाक मारली. शुद्ध पाण्याची बाटली सकाळीच संपली होती, म्हणून त्याने ती विहिरीवरून भरून आणली होती. "याच्याहून गोड पानी गावात नाही साहेब," तो अभिमानाने म्हणाला. परीक्षकांच्या तोंडावर तेव्हा पहिल्यांदा हसू आले. क्लोराइड त्या विहिरीच्या पाण्यातच होते. बसच्या डेपोत बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी मिळते, ते आणायला शिपाई सायकलवर गेला. ते आल्यावर सगळ्यांनी ती परीक्षा पुन्हा केली. क्षार टाकूनही माझ्या नळीतले पाणी नितळ राहिले, आणि दिगंबरच्याही.

पुसदला परतल्यावर मी हे सारे सरांना सांगितले. मला वाटले, ते पाठ थोपटतील. त्यांनी विचारले, मग होते काय त्यात? मी सांगितले, सल्फेट. मग म्हणाले, "त्या शिपायाला कोणी रागावलं तर नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांना बरे वाटले. "विहिरीचं पाणी खरंच गोड होतं का रे? पिऊन पाहिलंस?" मी पाहिले नव्हते. ते नाराज झाले.

निकाल चांगला लागला. तेव्हा कुठे मी कॉलेजचे मनातले सरांना सांगितले, आणि पुढच्याच रविवारी ते सायकल मारीत तांड्यावर आले. बाने खाट टाकली, माझ्या आईने, याडीने, गुळाचा चहा दिला. बघता बघता माणसे जमली. मला अमरावतीला शिकायचे आहे हे सरांनी बाला सांगितले. माझा मामा फार उत्साहात होता. तो बाला म्हणाला, "अरे पोरगं साहेब होईन तुहं. इचार सरले." बाने सरांकडे पाहिले. "होईन का सर? अमरावतीले धाडलं तं काही बनीन का हा?"

मी खाली मातीत बसलो होतो. सरांनी एकदा हो म्हणावे, बस्स एकदाच, असे माझे मन विनवत होते. सरांनी कप खाली ठेवला.

"सोमलाभाऊ, ते मला सांगता येत नाही."

मामाने कपाळाला हात लावला. मी बोटाने मातीत रेघा ओढू लागलो. सर शांतपणे पुढे म्हणाले, "न पाहिलेलं हा लिहीत नाही, येवढं मी पाहिलंय. पुढचं अजून पाहिलं नाही. कसं सांगू?"

बाने सरांचा कप उचलून याडीकडे दिला. मग सावकाश म्हणाला, "इतके बैलबाजार केले म्या. एकाबी दलालानं मले असं सांगतलं नाही." आणि हसला. "मंग पाहा तुमी. पोरगं तुमच्या हवाली."

असा मी अमरावतीला गेलो. बी.एस्सी.चा निकाल घेऊन थेट सरांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी पेढा घेतला, काकूंना बोलावून मला जेवायला वाढायला सांगितले आणि जेवण होईपर्यंत मला कॉलेजातल्या तराजूंविषयी विचारत राहिले. निकालाविषयी एक शब्द नाही.

दिगंबरचे कार्ड आले त्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो. बा अंगणात खाटेवर बसला होता. त्याला सांगितले. तो जरा सरकला आणि मला शेजारी बसवले. याडी दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. मग बाने विचारले, "सरनं पाह्यलं ना मंग?"

"पाह्यलं बा. पण मी बनलो का नाही, ते काही बोलले नाही कधी."

"ते कायले बोलतीन," बा म्हणाला. "पाहून राह्यले असतीन अजून."